प्रस्थान मागे राहिले

मी माझे प्रस्थान शेजारी ठेवले आणि ते न घेताच मुंबईला निघालो.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आमच्याकडे प्रवासाचा दिवस वाईट आणि मुहूर्त मात्र दोन दिवस आधीचा असला, तर माणूस त्या मुहूर्तावर आपली एखादी वस्तू, मूठभर तांदूळ आणि सुपारी फडक्यात बांधून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवतो. याला प्रस्थान ठेवणे म्हणतात. ते ठेवले की माणूस निघाला असे धरायचे. मग तो दोन दिवस घरात जेवो, झोपो, तो प्रवासात आहे. खऱ्या दिवशी घराबाहेर पडायचे, शेजाऱ्याच्या ओटीवरून गाठोडे उचलायचे आणि मागे न बघता चालू लागायचे. इतके सोपे आहे. लहान मुलेही चुकत नाहीत.

माझी रजा संपत आली होती. आगबोट शनिवारची, आणि पंचांगात शनिवार दिवसभर कोरडा. मुहूर्त गुरुवारी सकाळी. ते पंचांग आमच्याच गिरगावातल्या छापखान्यात छापलेले आणि त्याची प्रुफे मीच तपासलेली, त्यामुळे त्यातल्या मुहूर्तांवर माझा विश्वास गावातल्या इतर कोणाहीपेक्षा कमी होता. पण हे वडिलांना सांगण्याची छाती नव्हती. आमचे वडील, म्हणजे अण्णा, म्हणाले, "नुसती सुपारी ठेवून देवाला बनवू नकोस. ज्याच्यावाचून तुझं अडतं, अशी वस्तू ठेव."

मी ऐटीत नाकावरचा चष्मा काढला, फडक्यात बांधला आणि शेजारच्या राधाकाकूंच्या ओटीवरच्या कोनाड्यात ठेवून आलो.

चष्म्यावाचून माझे किती अडते ते पुढचे दोन दिवस सगळ्या वाडीने पाहिले. दारात पाहुणे आले म्हणून मी "या, या, बसा" म्हणत पुढे झालो, तर ती वाळत घातलेली गोधडी होती. सौ. ताटे मांडत होती. ती म्हणाली, "गेलेल्या माणसाला जेवायला वाढायचं की नाही, ते एकदा अण्णांना विचारून घ्या. मी आपली एका माणसाचा भात कमी टाकलाय."

हसण्यावारी चालले होते, पण आमच्या दोघांच्याही मनात सोमवार होता. रजेवर निघताना छापखान्याचे मालक मला म्हणाले होते, "महिन्यानं येणाऱ्या सोमवारी दहाच्या ठोक्याला टेबलाशी दिसलात, तर तुमची जागा कायम करतो. नाही दिसलात, तर बदलीचा माणूस बसला आहे, तोच बसेल." सहा वर्षे मी हंगामी होतो. सहा वर्षे मी गिरगावात एका खोलीत सहा जणांबरोबर राहत होतो आणि सौ. गावाला. जागा कायम झाली की स्वतंत्र खोली घ्यायची आणि पावसाळ्यानंतर बोटी सुरू झाल्या की सौ.ला आणि कमळीला मुंबईला आणायचे, असे ठरले होते. असे आम्ही आधीही दोनदा ठरवले होते.

कमळी माझी मुलगी. वय वर्षे पाच. वर्षातून एकदा येणाऱ्या बापाची ओळख पटायला तिला दर वर्षी काही दिवस लागतात. या खेपेला पहिले दहा दिवस ती माझ्याशी खांबाआडून बोलत होती. अकराव्या दिवशी तिने मला आपली करवंदाची जाळी दाखवली आणि त्यानंतर माझे बोट सोडले नाही. मी जाणार हे कळल्यावर तिने रडणे वगैरे काही केले नाही. आपले परकर-पोलके एका पंच्यात बांधले आणि शुक्रवारी संध्याकाळी ओटीवर दाराच्या अगदी तोंडाशी अंथरूण घालून घेतले. "बाबा मला ओलांडून जातील तेव्हा मला कळेल," असे तिने आजोबांना बजावून सांगितले.

मी तिला ओलांडून गेलो नाही. पहाटे फटफटताना मी स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडलो, गोठ्यामागून पोफळीच्या बागेत उतरलो आणि पाणंदीने देवळापाशी उभ्या असलेल्या बैलगाडीकडे गेलो. राधाकाकूंचे घर पुढच्या बाजूला. ते माझ्या वाटेत आलेच नाही.

मागच्या दारी सौ. कंदील घेऊन उभी होती. ती रडते आहे की नाही ते मला दिसेना. कंदिलाचा एक मोठा पिवळा गोळा, आणि त्याच्यामागे कोणीतरी. मी म्हणालो, "येतो."

"पोचल्याचं पत्र टाका," ती म्हणाली. "आणि इकडे कमळी विचारील तेव्हा मी काय सांगू, तेही लिहा."

मी चालू लागलो. चष्म्याची आठवण मला झाली नाही. मला त्या क्षणी एकच घाई होती, मागून हाक ऐकू येण्याच्या आत पाणंद संपवायची.

आमच्या गावाहून रत्नागिरी बंदराला जायची सरळ वाट काजळी नदीची. ओहोटी धरून होडीत बसले की पाणीच माणसाला भाट्याच्या खाडीपर्यंत नेऊन सोडते. सगळे गाव तसेच जाते. पण मी पडलो मुंबईकर. मुंबईकराने सुक्या मासळीच्या टोपल्यांशेजारी बसून होडीने जायचे? मी बैलगाडीने हातखंब्याला जाणार होतो आणि तिथून सर्व्हिस मोटारीने, भोंगा वाजवीत, रत्नागिरीत शिरणार होतो.

गाडी चढण चढून कातळावर आली (कातळ म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे सडे, मे महिन्यात काळे आणि तापलेले). उजाडले होते. मी धोंडू गाडीवानाला म्हणालो, "काय रे धोंडू, आज धुकं बरंच आहे."

धोंडूने बैल थांबवले आणि वळून माझ्याकडे पाहिले. "भाऊ, मे म्हयन्यात धुका? बरा हाय ना तुमाला?"

"मग समोर ते पांढरं काय आहे?"

"त्यो रस्ता हाय." थोडे थांबून तो म्हणाला, "आनि तुमचा चष्मा कुटं हाय?"

मी नाकाला हात लावला. कोटाचे खिसे चाचपले. मग माझ्या डोळ्यांसमोर राधाकाकूंचा कोनाडा असा लख्ख उभा राहिला की समोरचा रस्ताही तसा दिसत नव्हता.

"धोंडू, गाडी फिरव!"

"प्रस्थान ठेवलंव, घराभायेर पडलंव, आनि मागं फिरवू? अण्णा माजी चामडी लोळवतील." त्याने सूर्याकडे पाहिले. "आनि फिरलंव तर मोटार जाते. मोटार गेली म्हंजे बोट गेली. पुडची बोट सोमवारी. बगा आता."

मी बघितले, म्हणजे बघण्याचा प्रयत्न केला. चष्मा घेतला तर बोट चुकते आणि सोमवारी दहाला मी बंदरावरच असणार. बोट घेतली तर सोमवारी दहाला टेबलाशी असणार खरा, पण प्रुफे तपासणारा माणूस चष्म्यावाचून टेबलाशी बसून करणार काय? मुंबईत चष्मे मिळतात. पण रविवारी दुकाने बंद, आणि माझ्या नंबराची भिंगे घासून मिळायला आठवडा लागतो. खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढून मी वाचून पाहिला. नाक कागदाला टेकले तेव्हा एक अक्षर दिसले. अशा बेताने एक पान वाचायला दुपार झाली असती आणि नाकाला शाई लागली असती ती वेगळीच.

"चल," मी म्हणालो. "परत गेलास की घरी सांग, चष्मा टपालाने पाठवा म्हणून."

"सांगतंव. पन अण्णांस्नी काय सांगू? इसारलंव म्हनून?"

"दुसरं काय सांगणार?"

"तेच म्हंतंय मी," धोंडू म्हणाला आणि बैलांना हाकारले.

हातखंब्याला पोचलो तेव्हा मोटार यायची होती. नाक्यावर एक बाई झापाच्या छपराखाली घावन (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी) घालून देत होती. मी बसलो. तिने पानावर घावन वाढले आणि कडेला काहीतरी तांबूस ठेवले. घावनाबरोबर गूळ असतो. मी त्यातला सढळ गोळा उचलून तोंडात टाकला. ती लसूण घातलेली लाल मिरचीची चटणी होती. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मायेने म्हटले, "पोराबाळांना सोडून निगालंस वाटतं? व्हायचाच तसा."

मी मान हलवली. खरे सांगायचे तर तोवर चटणी गिळून झाली होती. पण त्याने हात ठेवल्यावर धारा थांबेनात.

मोटार आली. तिच्या भोंग्याची मला जी हौस होती ती पहिल्या मैलातच पुरी झाली, कारण नंतर भोंगा सोडून तिचे दुसरे काही चालेना. इंजिनातून वाफ येऊ लागली. ड्रायव्हरने आम्हा सगळ्यांना उतरवले आणि एका वाडीतल्या विहिरीवरून पाणी आणायला पाठवले. मीही कळशी घेऊन गेलो. येताना रस्त्याकडेला उभी असलेली मोटार सोडून मी पलीकडच्या गवताच्या उडवीकडे निघालो होतो. कोणीतरी कोट धरून मला परत फिरवले. अशा तीन कळशा पिऊन मोटारीने आम्हाला रत्नागिरीत आणले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते.

बंदरावर रजा संपवून निघालेली सगळी दुनिया लोटली होती. बोटी बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. आंब्याच्या पेट्या, फणस, कोकमाची गाठोडी, आणि प्रत्येक गाठोड्याभोवती चार माणसे. मला यांतले दिसत फारसे काही नव्हते, वास मात्र सगळे येत होते. "दिसली, दिसली, धूर दिसला!" अशी आरोळी उठली. मी धक्क्याच्या कडेला जाऊन डोळे बारीक करून बघू लागलो. एक लांबट काळे धूड मला दिसल्यासारखे वाटले. इतक्यात कोणी एक बाई कडेवर मूल घेऊन बरोबर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, जरा बाजूला व्हा," मी म्हणालो. "बोट बघू द्या."

बाई हलली नाही.

मी मुंबईचा आवाज काढला. "ऐकू येत नाही का? इतकी जागा पडली आहे, माझ्याच नाकासमोर कशाला उभ्या राहता?"

तेव्हा कडेवरचे मूल म्हणाले, "आई, बाबा आपल्याला ओरडतात."

आणि सौ. शांतपणे म्हणाली, "बोट तुमच्या पाठीमागं आहे. तुम्ही बघताय ती मिठाची वखार."

तिने हात लांब करून गाठोडे माझ्यापुढे धरले. मी गाठ सोडली. तांदूळ धक्क्यावर सांडले. चष्मा नाकावर चढवला, आणि तिचे तोंड एकदम समोर आले. घामाने कुंकू पसरले होते. लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलाने भरला होता. पहाटेपासून मी त्या कंदिलामागच्या तोंडावर रडे कल्पून आलो होतो. इथे ती हसू दाबत होती आणि ते तिला दाबता येत नव्हते.

"तू आलीस कशी?"

"राधाकाकूंनी तुम्ही गेल्यावर थोड्या वेळानं कोनाडा बघितला आणि कुंपणावरून हाक मारली. धोंडूची गाडी चढणीला लागली होती. अण्णा म्हणाले, कोणाला पाठवू? मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला मी कशाला सांगू, की आमच्या माणसाला स्वतःचा चष्मा सांभाळता येत नाही? कमळीला उचललं, नदीवर आले. ओहोटी होतीच. राजिवड्याला उतरलो आणि चालत आलो."

"म्हणजे तुम्ही आत्ताच पोचलात?"

"छे! दोन घटका झाल्या. आमची पेज खाऊन झाली. तुमची मोटार आली नाही म्हणून मी कमळीला बोटी मोजायला शिकवत होते."

लग्नाला आठ वर्षे झाली होती. या आठ वर्षांत सौ. माहेर आणि सासर यांच्यापलीकडे कुठे गेलेली मला माहीत नव्हती. रत्नागिरी तिने पूर्वी एकदा पाहिली होती, तीही सासऱ्यांच्या मागून, खाली मान घालून. आणि मी, मुंबईकर, तिला दोनदा सांगितले होते की, "तू घाबरशील, एवढ्या गर्दीत तुझं कसं होईल, बघू पुढच्या वर्षी." जागा हंगामी होती हे खरे; पण त्या हंगामी जागेआड मी माझी भीतीही लपवून ठेवली होती, हे मला तिथे धक्क्यावर कळले. तिचे मुंबईत कसे होईल, ही भीती नव्हतीच ती. तिच्यासमोर माझे कसे होईल, ही होती.

कमळी कडेवरून उतरली. तिच्या काखेत तो पंच्यात बांधलेला परकर-पोलक्यांचा गठ्ठा होता. तिने माझ्याकडे वर बघितले.

"तुम्ही मागच्या दारानं का गेलात?"

मला पुष्कळ उत्तरे सुचली. मोटार लवकर होती. पुढच्या दाराशी कुत्रे होते. पण चष्मा लावलेला असताना तिच्या तोंडाकडे बघून यातले एकही उत्तर देणे जमेना.

"तू रडशील म्हणून," मी म्हणालो.

ती विचारात पडली. "मी रडले असते," ती म्हणाली. "मग थोड्या वेळानं गप्प झाले असते."

मी खाली बसलो. चिखल, मिठाचे पाणी, मासळीचे पाणी, सगळ्यात धोतर बुडवून बसलो आणि तिला सांगितले की आज तुला नेता येत नाही, मी एकटाच जाणार आहे. पाऊस संपला आणि बोटी परत सुरू झाल्या की तू आणि आई याल. ती रडली. मोठ्याने रडली. बंदरावरची माणसे वळून बघू लागली. सौ.ने तिला उचलले नाही आणि मीही पळालो नाही. थोड्या वेळाने ती सांगितल्याप्रमाणे गप्प झाली आणि म्हणाली, "नक्की येणार का आम्ही?"

मी सौ.कडे पाहिले. ती समुद्राकडे बघत होती, पण कान इकडे होते. जागा कायम होणार की नाही हे मला माहीत नव्हते. सोमवारी दहाला बदलीचा माणूस उठतो की बसूनच राहतो, हे मालकांनाच ठाऊक.

"जागा कायम झाली नाही, तरी याल," मी म्हणालो. "खोली नाही मिळाली, तर अर्धी घेऊ."

सौ.ने आपल्या हातातली कोकमाची पुडी माझ्या ट्रंकेवर ठेवली आणि तिची दोरी दोनदा आवळली.

पडाव (बोटीपर्यंत उतारू नेणारी मोठी होडी) भरू लागला होता. तांडेल ओरडत होता, "बसा, बसा, मागं सरका, रडायचा आसल त्यानं बोटीवर जाऊन रडा!" मी चढलो. पडाव सुटला. या खेपेला मी मागे बघितले. प्रस्थानाचा नियम मोडला तो मोडलाच. निदान नीट डोळसपणे मोडला. धक्क्यावर दोघी उभ्या होत्या. कमळी हात हलवत होती आणि सौ. तिला खुणेने सांगत होती, असा नव्हे, मोठा हलव, त्यांना लांबचं दिसत नाही. पडावाने भगवतीच्या टेकडीकडे वळण घेतले आणि मध्ये एक गलबत येईपर्यंत मला दोघींचे सगळे दिसत होते, कमळीच्या सुटलेल्या वेणीपर्यंत.

बोटीवर मला शिडीच्या शेजारी पथारीपुरती जागा मिळाली. जयगडापर्यंत वारा बरा होता. त्यानंतर जे झाले ते वाचकांना सांगण्यासारखे नाही, आणि माझ्या शेजारच्या गृहस्थांना ते सांगण्याची गरज पडली नाही. रविवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर उतरलो. मुंबई जिथे ठेवून गेलो होतो तिथेच होती. खोलीत सहा जण माझ्या वाटणीचे आंबे कुठे आहेत म्हणून विचारत बसले होते. दर वर्षी रजेहून परतल्यावर पहिले आठ दिवस मी गावाची आठवण काढून उसासे टाकतो. या वेळी तसे झाले नाही. दुपारी मी चाळीचाळींतून खोल्या विचारीत हिंडलो.

सोमवारी पावणेदहालाच टेबलाशी उभा राहिलो. बदलीचा माणूस खुर्चीवर नव्हता. दहाला मालक आले, त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि प्रुफांचा ढीग पुढे टाकला.

"बसा. जागा कायम."

मी आभार मानायला तोंड उघडले.

"आभार राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही उत्तम म्हणून नव्हे. तो तुमच्याहून वाईट निघाला."

मी त्याच संध्याकाळी घरी पत्र लिहिले. ठाकुरद्वाराजवळ एक खोली बघितली आहे. लहान आहे, पण दोन खिडक्या आहेत. खालीच नळ आहे. बोटी सुरू झाल्या की मी स्वतः रजा काढून न्यायला येईन, गर्दीची काळजी करू नये, सर्व व्यवस्था माझ्यावर सोपवावी. असे चांगले चार पानी, धीर देणारे पत्र मी लिहिले, आणि लिहिता लिहिता मला पुन्हा थोडेसे मुंबईकर झाल्यासारखे वाटले.

प्रवासाने माणूस शहाणा होतो असे पुष्कळ जण लिहितात. माझा अनुभव इतकाच की माणूस परत येऊन खुर्चीत बसला की जिथून निघाला होता तिथपर्यंत पुष्कळसा मागे सरकतो. थोडे काहीतरी पुढे राहते. बंदरावर चिखलात बसून मी जे बोललो ते मला मागे घेता येत नव्हते, आणि घ्यायचेही नव्हते. खोलीचे भाडे ठरवून मी किल्ली खिशात घातली होती. पाऊस पडत होता, बोटी बंद होत्या, आणि मी उत्तराची वाट बघत होतो.

उत्तर बारा दिवसांनी आले. सौ. गेल्या दोन उन्हाळ्यांत माझ्याकडून लिहायला शिकली. अक्षर मोठे आणि एकेक सुटे; चष्मा नसता तरी वाचता आले असते. पत्र चार ओळींचे होते. कमळी खुशाल आहे. खोलीला दोन खिडक्या आहेत हे चांगले. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या बोटीने आम्ही निघतो. आणि शेवटी: "न्यायला येऊ नये. कमळीला सांभाळून मला मुंबईस येता येईल, तुम्हा दोघांना सांभाळून येणे होणार नाही."